थंबनेल बोटाएवढं झाल्यावर त्यात काय उरतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यात फोंड्याच्या बाजूचं दोघांचं यूट्यूब चॅनेल. रांधपाचे, म्हणजे स्वयंपाकाचे व्हिडिओ, जत्रा-उत्सव, अधूनमधून गावच्या नाटकाचं किंवा भजनाचं रेकॉर्डिंग. दीडशेच्या आसपास व्हिडिओ झाले. यूट्यूब ते लोकांपुढे ठेवतं, इम्प्रेशन्स बरी दिसतात, पण क्लिकचं प्रमाण १.८ टक्क्यांवर अडकलंय. थंबनेल, म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी दिसणारं चित्र, ते मोबाइलवर कॅनव्हा या अ‍ॅपमध्ये करतात. आता संगणकावर फोटोशॉप घेतलं, तर त्यात मराठी अक्षरं फुटतात. विचारलंय ते असं: फॉन्ट कोणता, रंग कोणता, चेहरा टाकावा की नको, आणि सगळ्या व्हिडिओंना एकच साचा ठेवावा का?

हे चारही प्रश्न कॅनव्हा उघडल्यानंतरचे आहेत. बहुतेक थंबनेल त्याआधीच बिघडलेलं असतं, कारण शूटिंगच्या दिवशी त्याचा वेगळा फोटो कोणी काढलेला नसतो. मग व्हिडिओतला एखादा क्षण थांबवून स्क्रीनशॉट घ्यायचा आणि त्याचा पडेलपणा झाकायला बाण, ज्वाळा, लाल वर्तुळं चिकटवायची. म्हणून फॉन्टकडे नंतर येतो. आधी फोटो आणि आकार.

आकार म्हणजे पिक्सेल नव्हे. १२८० × ७२० ठेवा, १६:९ प्रमाण, जेपीजी, फाइल २ एमबीच्या आत, म्हणजे कुठेही अडत नाही. स्वतःचं थंबनेल लावायला चॅनेलचा फोन नंबर पडताळलेला लागतो, तो तुमचा झालेला दिसतोय. खरा आकार तो, ज्यात प्रेक्षक ते बघतो. संगणकावर व्हिडिओच्या बाजूच्या यादीत थंबनेल साधारण १६८ × ९४ पिक्सेलचं होतं, म्हणजे मूळ चित्राच्या साडेसात पट लहान. मोबाइलवर व्हिडिओच्या छोट्या यादीतही ते अंगठ्याहून थोडंच मोठं. तुम्ही १२८० च्या चित्रात ६० पिक्सेल उंचीचं अक्षर टाकलंत तर तिथे ते ८ पिक्सेलचं उरतं. ८ पिक्सेलमध्ये ‘भ’ आणि ‘म’ वेगळे कळत नाहीत, ‘घ’ आणि ‘ध’ तर नाहीच. त्यामुळे पहिलं काम हे: चित्र तयार झालं की त्याची १६८ पिक्सेल रुंदीची प्रत काढा, ती मोबाइलवर पाठवा, आणि ज्याने व्हिडिओ पाहिलेला नाही अशा माणसाला एक सेकंद दाखवून विचारा, काय दिसलं? ‘जेवण’ असं उत्तर आलं तर चित्र नापास. ‘बांगडो’ आलं तर पास.

आता तुमचंच एक थंबनेल घेऊ, बांगड्याच्या हुमणाचं, म्हणजे नारळाच्या रश्शातल्या कालवणाचं. मधोमध स्टीलच्या ताटात हुमण, उजवीकडे कापून चिकटवलेला चेहरा, डाव्या कोपऱ्यात चॅनेलचा लोगो, खाली दोन ओळींत ‘अस्सल गोवन पद्धतीचं बांगड्याचं हुमण’, शिवाय एक पिवळा बाण. लहान केल्यावर यातलं काय उरतं? एक नारिंगी गोल आणि एक चेहऱ्यासारखा डाग. ‘हुमण’ हा शब्द तर व्हिडिओच्या वेळेच्या पट्टीखाली गेलाय. ती काळी पट्टी उजव्या खालच्या कोपऱ्यात नेहमी असते. लहान आकारात ती अधिक जागा खाते, मूळ चित्राच्या मापात साधारण २७० × १४० पिक्सेल. तासाच्या वर गेलेल्या नाटकाच्या किंवा भजनाच्या व्हिडिओत वेळ ‘१:४२:१०’ अशी लांब होते, म्हणजे पट्टीही रुंदावते. त्या कोपऱ्यात काहीच ठेवू नका. ज्याने व्हिडिओ थोडा पाहिलाय त्याला तळाशी लाल रेषही दिसते, तेव्हा खालच्या काठालाही अक्षरं टेकवू नयेत.

हुमणाची अडचण रंगापेक्षा आकाराची आहे. रस्सा वाढला की बांगडा बुडतो आणि समोर राहते नुसती नारिंगी जमीन. मग सुंगटांचं (कोळंबीचं) हुमण काय आणि बांगड्याचं काय, लहान चित्रात सगळं सारखंच. प्रेक्षकाला मासा ओळखता आला पाहिजे, आणि बांगडा ओळखला जातो तो शेपटीवरून आणि पाठीच्या निळसर-हिरव्या पट्ट्यांवरून. म्हणून फोटोसाठी एक तुकडा शेपटीकडचा घ्या, तो रश्शाच्या निम्मा वर राहील असा ठेवा, गरज पडली तर खाली उपडी वाटी सरकवा. शिजल्यावर पट्टे फिके होतात, तेव्हा कच्चा बांगडा आणि शिजलेला बांगडा असे दोन्ही फोटो काढून ठेवा. कधीकधी कच्च्या, चकाकत्या बांगड्याचं चित्र शिजलेल्यापेक्षा चांगलं चालतं.

प्रकाश खिडकीचा, आणि तोही समोरून नव्हे. ताटाच्या मागून किंवा मागच्या कोपऱ्यातून आला की रश्शावर चकाकी येते आणि वाफ दिसते. वाफेच्या मागे गडद काहीतरी हवं. पांढऱ्या टाइल्सपुढे वाफ दिसत नाही. स्वयंपाकघरातली ट्यूब बंद करा. खिडकीचा उजेड आणि ट्यूब एकत्र आले की एका बाजूला हिरवट छटा येते, आणि ती नंतर काढायला गेलात की दुसरी बाजू जांभळट होते. दोन उजेडांची सरमिसळ संपादनात सुटत नाही, हे एकदा मान्य केलं की बराच वेळ वाचतो. समोरच्या सावलीसाठी पांढरं पुठ्ठ्याचं झाकण धरलं तरी पुरतं. मोबाइलची ०.५ ची रुंद लेन्स वापरू नका, ताट अंड्यासारखं होतं. २ वर जा आणि थोडं मागे सरका. स्क्रीनवर माशावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड लॉक होतो, मग उजेड थोडा खाली ओढा. नारळाच्या रश्शावर पाच-सहा मिनिटांत साय धरल्यासारखा पापुद्रा येतो आणि चकाकी मरते, म्हणून जेवण वाढल्यावर नव्हे, चुलीवरून उतरल्याबरोबर फोटो. ताटाऐवजी मातीचं भांडं किंवा केळीचं पान घ्या. स्टीलमध्ये खोलीतलं सगळं दिसतं, मोबाइल धरलेल्या हातासकट.

स्क्रीनशॉटच्या वाटेला जाऊ नका असं म्हणण्याचं कारणही तांत्रिक आहे. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत शटर बहुधा १/५० सेकंदाचं असतं, त्यामुळे हलणारा हात, ढवळणारी पळी, नाचणारा माणूस हे प्रत्येक फ्रेममध्ये किंचित पुसलेले असतात. चालू व्हिडिओत ते सहज वाटतं, थांबवलेल्या चित्रात मात्र ते खटकतं. शिवाय व्हिडिओत रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी साठवली जाते, म्हणून कडा मेणासारख्या वितळलेल्या दिसतात. शूटमध्ये पाच मिनिटं फक्त थंबनेलसाठी काढून ठेवा. पाच मिनिटांत वीस फोटो होतात.

बाहेरच्या शूटिंगला गोव्याच्या हवेचे दोन त्रास ठरलेले. पावसाळ्यात एसी गाडीतून बाहेर पडलात की लेन्सवर धुकं धरतं. पुसलं तर परत धरतं. कॅमेरा दहा-पंधरा मिनिटं बाहेरच्या हवेवर येऊ द्यायचा, किंवा पोचण्याआधीच एसी बंद करून काचा खाली करायच्या. दुसरा समुद्रावरचा खारा थर. डोळ्यांना तो दिसत नाही, फोटो मात्र पांढुरका येतो आणि काळा रंग राखाडी होतो. मायक्रोफायबरच्या कापडाने लेन्स पुसली की निम्मं ‘एडिटिंग’ तिथेच होतं. भर दुपारी किनाऱ्यावर चेहऱ्याचा फोटो काढू नका, डोळ्यांत खड्डे पडतात. माणसाला छपराच्या कडेला, सावलीत पण उघड्याकडे तोंड करून उभं करा. पावसाळी ढगाळ उजेड मात्र जेवणाला आणि चिऱ्यांच्या भिंतींना फार छान, फक्त फ्रेममध्ये आभाळ घेऊ नका, ते नुसतं पांढरं येतं.

जत्रांचे फोटो. इथे चूक एकच आणि सगळेच करतात: सगळी गर्दी आत घ्यायची. शिगम्याच्या मिरवणुकीतली दोनशे माणसं १६८ पिक्सेलात खिचडी होतात. घोडेमोडणीचा, म्हणजे कमरेला घोड्याची प्रतिकृती बांधून करायच्या नाचाचा व्हिडिओ असेल तर एक घोडा आणि त्यावरचा एक गडी, कमरेपासून वर. दिवजांची जत्रा असेल तर एक बाई, दिवज (मातीचा दिवा) घेतलेली, ज्योत चेहऱ्याच्या जवळ. ज्योतीवर उजेड मोजलात तर चेहरा काळा, अंधारावर मोजलात तर ज्योतीचा पांढरा गोळा. चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड लॉक करा आणि मग ०.७ ते १ स्टॉप खाली आणा (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). देवळाच्या आवारात एलईडीचे दिवे असतील तर आणखी एक घोळ होतो: शटर १/२५० वर नेलं की फोटोत आडवे काळसर पट्टे येतात, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आणि बरेच दिवे त्या तालावर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. १/१०० वर पट्टे जातात आणि सावकाश चालणारी माणसंही बऱ्यापैकी स्थिर येतात. नाचणाऱ्यासाठी मात्र झेप संपते तो क्षण धरावा लागतो. गाभाऱ्यात फोटो काढायला बऱ्याच देवस्थानांची मनाई असते, तेव्हा तिथल्या मूर्तीचा इंटरनेटवरून उचललेला फोटो लावण्यापेक्षा दीपस्तंभ किंवा पालखीचा स्वतःचा फोटो केव्हाही बरा.

नाटकाचं रेकॉर्डिंग ही तुमची सगळ्यात दुबळी बाजू दिसते. उत्सवी नाटकाच्या रंगमंचावर लाल-निळे दिवे असतात, त्यात चेहऱ्याचा एक रंगच भरून सांडतो आणि नाक-डोळे सपाट होतात. हे नंतर दुरुस्त होत नाही. सुरुवातीच्या तासभर आधी रंगपटात जा. पात्र मेकअप आणि वेशात तयार असतं. दाराशी उभं करून कमरेपासून वरचा फोटो घ्या, एक थेट बघणारा, एक बाजूला बघणारा. मंडळाची परवानगीही तिथेच तोंडी मिळते. भजनासाठी बसलेल्या सहा जणांची ओळ नको, घुमटावर, म्हणजे त्या मातीच्या तालवाद्यावर पडलेला हात जवळून घ्या. हात आणि वाद्य ओळखू आलं की पुढचं शीर्षक सांगतं.

परवानगीचा विषय निघालाच आहे तर: किनाऱ्यावर पहुडलेल्या पर्यटक बायकांचा फोटो थंबनेलवर लावून ‘गोव्यात काय चालतं बघा’ म्हणणारे चॅनेलवाले कमी नाहीत. २०२३ च्या जानेवारीत राज्याच्या पर्यटन खात्याने, दुसऱ्या पर्यटकांचे, विशेषतः ऊन घेणाऱ्यांचे किंवा पोहणाऱ्यांचे फोटो त्यांना न विचारता काढू नयेत, अशी सूचनाच काढली होती. पणजीतल्या फोंताइन्यश या जुन्या वस्तीतल्या रहिवाशांनाही आपल्या दारांपुढे चाललेल्या फोटोसेशनचा उबग आलाय. तुम्ही इथलेच आहात, तुमच्या थंबनेलवर इथल्या माणसाचं घर विचारून आलेलं असावं.

आता अक्षरं. चित्रावर लिहायचं काय, हे फॉन्टच्या आधी. शीर्षक खाली दिसतच असतं, तेच चित्रावर परत लिहिणं म्हणजे जागेची नासाडी. ‘बांगड्याचं हुमण’ शीर्षकात आहे. चित्रावर लिहा: ‘तिरफळ कधी?’ बस. हुमण घरोघर होतं, पण तिरफळ केव्हा घालायचं आणि किती ठेचायचं यावर घरोघर वाद आहे, आणि बघणारा त्याचसाठी थांबेल. दोन शब्द, जास्तीत जास्त तीन. चौथा शब्द लिहावासा वाटला तर फोटोत काहीतरी कमी पडलंय असं समजा.

इथे गोव्यातल्या चॅनेलचा एक खास पेच येतो. ‘सुंगटं’ लिहिलं की काणकोणपासून पेडण्यापर्यंतचा माणूस थबकतो, पण पुण्या-नाशिकच्या माणसाला शब्दच माहीत नाही. ‘कोळंबी’ लिहिलं की उलटं. उत्तर सोपं आहे: चित्रावर घरचा शब्द, शीर्षकात दोन्ही. शोधात शीर्षक कामाला येतं, चित्रावरचा शब्द ओळखीसाठी असतो, आणि परक्या माणसाला सुंगटं चित्रातच दिसत असतात. शीर्षकाची मर्यादा १०० वर्णांची आहे आणि देवनागरीत मात्रा, हलन्त वेगवेगळे मोजले जातात. ‘श्री’ हे दिसायला एक अक्षर, मोजायला चार. त्यामुळे मराठी शीर्षक तुम्हाला वाटतं त्याच्या आधी भरतं आणि मोबाइलवर आधी कापलं जातं. कामाचा शब्द पहिला.

फॉन्ट. मुक्ता किंवा बालू २, दोन्ही एक्स्ट्रा बोल्ड, गूगल फॉन्ट्सवर फुकट आणि व्यावसायिक वापरालाही खुले. जागा अरुंद आणि शब्द लांब असेल तर खांड किंवा तेको, ते उभट आहेत. मोदक हा फॉन्ट दिसायला लोभस आहे आणि त्याच्या मोहात पुष्कळ जण पडतात, पण त्याच्या अक्षरांतल्या पोकळ्या मुद्दाम केसाएवढ्या ठेवलेल्या आहेत. लहान झाल्यावर शब्दाचा खरोखर मोदक होतो. टिरो देवनागरी मराठीमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ मिळतात, पुस्तकाला उत्तम, पण थंबनेलला फार बारीक.

फॉन्टचा आकडा बघून मोजू नका. आकडा १५० टाकला म्हणून अक्षर १५० पिक्सेलचं येत नाही, कारण त्यात वरच्या वेलांटीची आणि खालच्या उकाराची जागाही धरलेली असते. शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत मोजा, ते निदान १२० पिक्सेल हवं. लहान आकारात ते १६ पिक्सेल उरतं आणि वाचता येतं.

इंग्रजीसाठी लिहिलेले डिझाइनचे धडे देवनागरीत तसेच वापरले की तीन ठिकाणी फसगत होते. पहिलं, अक्षरांतलं अंतर. इंग्रजी ठळक शब्दाला थोडं अंतर वाढवलं की ऐटदार दिसतो. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. अंतर शून्य ठेवा. दुसरं, ओळींमधलं अंतर. इंग्रजी मोठ्या लिपीत दोन ओळी एकमेकींना चिकटवता येतात. आपल्याकडे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत जाऊन अडकतो. वर ‘हुमण’ आणि खाली ‘तेंडली’ असं चिकटवून बघा, मात्रा, अनुस्वार आणि उकार यांची मारामारी दिसेल. उपाय अंतर वाढवण्याचाच असं नाही, शब्द बदलण्याचाही आहे: वरच्या ओळीत उकार नसलेला शब्द आला की दोन ओळी सुखाने जवळ बसतात. ‘तिरफळ’ वर, ‘कधी?’ खाली, हे म्हणूनच जमतं. तिसरं, अक्षराची बाह्यरेषा. ती ‘बाहेरून’ लावा, १० ते १४ पिक्सेल. ‘मधून’ किंवा ‘आतून’ लावली की ष, भ, थ यांच्या पोकळ्या बुजतात आणि अक्षर बारीक होतं ते वेगळंच.

फोटोशॉपमध्ये तुमची अक्षरं फुटतात, म्हणजे ‘ति’ची वेलांटी त च्या उजवीकडे जाते आणि ‘श्री’चं श हलन्तासकट वेगळं पडतं. हा फॉन्टचा दोष नाही, अक्षरं जुळवणाऱ्या यंत्रणेचा आहे. जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमधल्या टाइप या भागात जाऊन ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडायचा, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडायचा. पण आधीच लिहिलेल्या लेअर आपोआप सुधारत नाहीत, आणि इथेच लोक म्हणतात ‘करून बघितलं, होत नाही’. ती लेअर निवडून परिच्छेदाच्या पॅनलच्या मेनूतून वर्ल्ड-रेडी कंपोझर द्या, किंवा सरळ नवीन लेअरवर पुन्हा लिहा. गिंप किंवा इंकस्केपमध्ये ही भानगड नाही, युनिकोड मराठी थेट बरोबर उमटतं, आणि दोन्ही फुकट आहेत. लग्नपत्रिकेच्या छापखान्यातून आणलेले जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट असतील तर त्यांचा मजकूर दुसरीकडे डकवल्यावर अगम्य चिन्हं येतात. तो मजकूर नव्याने टाइप करण्यावाचून गत्यंतर नाही. कॅनव्हात एक सावधगिरी: निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर तो गुपचूप दुसरा फॉन्ट वापरतो. फॉन्ट बदलूनही अक्षरं बदलत नसतील तर हेच झालंय.

रंगाबद्दल पुष्कळ गूढ सांगितलं जातं, तपासणी मात्र एका मिनिटाची आहे. चित्र काळं-पांढरं करा. अक्षर वेगळं दिसलं तर रंग बरोबर, दिसलं नाही तर कितीही भडक असो, उपयोग नाही. लाल अक्षर माडांच्या हिरव्यावर ठेवलं की रंगीत चित्रात झगमगतं, काळ्या-पांढऱ्यात गायब होतं, कारण दोघांचा उजेड जवळपास सारखा असतो. ज्यांना लाल-हिरवा फरक कळत नाही त्यांना ते तसंच दिसतं. हुमणाच्या नारिंगीवर पांढरी अक्षरं ठेवलीत तर उजेडाचं गुणोत्तर २.३ ला १ च्या आसपास येतं, काळी ठेवलीत तर ९ ला १. म्हणजे हुमणावर काळं किंवा गर्द तपकिरी लिहावं, किंवा फोटोचा अक्षरांमागचा भाग काळ्या छटेने ६०-७० टक्के झाकून मग पांढरं. बारीक लाल अक्षरं तर टाळाच. जेपीजीत रंगाचा तपशील बहुधा निम्म्या बारकाईने साठवला जातो, त्यात यूट्यूब आपलं दाबणं पुन्हा करतं, आणि गडद पार्श्वभूमीवरचा लाल पसरतो.

आयफोनचे फोटो संगणकावर फिके झालेले दिसले तर त्यांची रंगप्रणाली रुंद आहे. फाइल काढताना एसआरजीबीमध्ये रूपांतर करा, जेपीजीचा दर्जा ८५ ते ९० ठेवा. अ‍ॅपचं पान काहींना पांढरं दिसतं, काहींना जवळजवळ काळं. पूर्ण पांढऱ्या काठाचं चित्र पांढऱ्यात विरघळतं, काळ्या काठाचं काळ्यात, तेव्हा चारही काठांना मधला रंग असलेला बरा.

चेहरा. पाककृतीला तो लागतोच असं नाही, ताटच चेहरा आहे. नाटकाला, मुलाखतीला, गप्पांना हवा. पण टाकलात तर चित्राच्या उंचीच्या निदान चाळीस टक्के, त्याहून लहान चेहऱ्यावरचा भाव कळत नाही आणि मग तो नुसती जागा अडवतो. नजर ज्या बाजूला, अक्षरं त्या बाजूला. तोंडाचा आ वासून डोळे विस्फारायची फॅशन आहे, पण आजीच्या हातच्या खतखत्याच्या व्हिडिओवर ती शोभत नाही, एवढंच म्हणतो. पार्श्वभूमी कापताना केसांभोवती उरलेली पांढरी कड दिसते ती कड दोन पिक्सेल आत घेतली की जाते.

साचा एकच असावा का? एखादी खूण कायम ठेवा, डाव्या काठाला चाळीस पिक्सेलची रंगीत पट्टी पुरे: जेवणाला एक रंग, उत्सवाला दुसरा, नाटकाला तिसरा. बाकी सगळं बदलू द्या. तीच चौकट, तोच कोन, तीच अक्षरांची जागा ठेवली की तुमच्याच नेहमीच्या प्रेक्षकाला हा व्हिडिओ पाहिलाय असं वाटून तो पुढे जातो. लोगो काढून टाका. चॅनेलचं चित्र आणि नाव बहुतेक ठिकाणी थंबनेलच्या खाली येतंच.

आणि १.८ टक्के वाईट का? यूट्यूबच्याच सांगण्यानुसार निम्म्या चॅनेल आणि व्हिडिओंचं प्रमाण २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतं, म्हणजे तुम्ही खालच्या कडेला आहात, पण एकूण आकडा दिशाभूल करतो. यूट्यूब स्टुडिओच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये ‘रीच’ बघा, आणि होमपेज, शोध, सुचवलेले व्हिडिओ असं वेगवेगळं काढा. शोधातून ५ आणि होमवर १.२ असेल तर थंबनेल अनोळखी माणसाला थांबवत नाही, हे निदान झालं. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत टाकलेल्या लिंकवरचे क्लिक या हिशेबात येत नाहीत. व्हिडिओ जितका दूरच्या लोकांपर्यंत जाईल तितकं प्रमाण उतरतं, त्याने घाबरू नका.

थोड्या आकड्यांवर निर्णय घेऊ नका. ५०० इम्प्रेशन्सवर ४ टक्के म्हणजे २० क्लिक, आणि नुसत्या योगायोगाने ते २.३ ते ५.७ मध्ये कुठेही हलू शकतं. ५,००० झाल्यावर तोच हेलकावा अर्ध्या टक्क्यावर येतो. स्टुडिओत संगणकावरून तीन थंबनेलची एकाच वेळी तुलना करता येते. ती चाचणी दोन आठवड्यांपर्यंत चालते आणि निकाल क्लिकवर नव्हे, कुठल्या चित्रामुळे व्हिडिओ जास्त वेळ पाहिला गेला यावर देते. तिन्ही चित्रं १२८० × ७२० पेक्षा लहान नकोत, आणि तीन जवळजवळ सारखी चित्रं दिलीत तर निकाल लागतच नाही. एकात मासा, एकात हात, एकात नुसती तिरफळं, असा ठळक फरक ठेवा.

क्लिक वाढले आणि सरासरी पाहण्याचा वेळ पडला, तर थंबनेल खोटं बोलतंय. २०२४ च्या डिसेंबरमध्ये यूट्यूबने भारतात, विशेषतः बातम्या आणि चालू घडामोडींच्या व्हिडिओंवर, शीर्षक-थंबनेलमध्ये एक आणि आत भलतंच असेल तर कारवाई कडक करू असं जाहीर केलं. तुमचा विषय तो नाही, पण ‘देवळात हे काय घडलं!’ अशी अक्षरं जत्रेच्या साध्या व्हिडिओवर टाकू नका.

दीडशे जुनी थंबनेल एकदम बदलायला बसू नका. ज्यांची इम्प्रेशन्स जास्त, क्लिकचं प्रमाण कमी, पण पाहण्याचा वेळ चांगला, असे दहा व्हिडिओ निवडा. ते आधीच चांगले आहेत, फक्त दार बंद आहे. बदलल्याची तारीख वहीत लिहा, बदलाआधीचे २८ आणि नंतरचे २८ दिवस ताडून बघा. सणांचे व्हिडिओ यात धरू नका. माटोळीच्या (चतुर्थीला गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या छताच्या) व्हिडिओचं थंबनेल माघात बदलून काय कळणार, ते श्रावण लागल्याबरोबर बदला, आणि तुलना करा ती गेल्या चतुर्थीच्या त्याच आठवड्यांशी.